गोव्यातून कुत्र्याला घेऊन विमानात जाताय? शेजाऱ्याशी वाजायच्या आधी हे करा

पोईचं वजन साडेपाच किलो. पोई म्हणजे आमची कुत्री, इथे सकाळी सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, जी कोंडा लावलेली गोल पोई विकतो ना, अगदी त्या रंगाची आहे म्हणून हे नाव. अर्धी स्पिट्झ आहे, उरलेली अर्धी काय ते तिच्या आईलाच माहीत. तिला घेऊन पहिल्यांदा मोपा विमानतळावरून मुंबईला निघाले तेव्हा मला वाटलं कागद झाले, पैसे भरले, बॅग घेतली, संपलं काम. शेवटच्या रांगेत खिडकीला जाऊन बसले, बॅग पुढच्या सीटखाली सरकवली आणि पाच मिनिटांनी शेजारच्या सीटवाल्या काकू आल्या. पर्स ठेवायला खाली वाकल्या तर जाळीतून दोन डोळे त्यांच्याकडे बघतायत.

"अगं बाई! कुत्रं आहे का आत?"

पुढचं सांगायला नको. मी म्हटलं परवानगी आहे, त्या म्हणाल्या मला कोणी विचारलं का, मी म्हटलं पैसे भरलेत, त्या म्हणाल्या मी काय फुकट आलेय का, मागून एक जण मोबाइल काढून शूटिंग करायला लागला, आणि पोई बिचारी आतमध्ये शेपटी हलवत होती कारण तिला वाटलं तिच्याशीच बोलतायत. फ्लाइट फुल होती, सीट बदलायला जागा नव्हती. काकू सव्वा तास सीटवर मांडी घालून बसल्या, पाय खाली सोडलेच नाहीत. मुंबईला उतरताना परत म्हणाल्या, "मला कोणी विचारलं का?"

घरी गेल्यावर मला ते लागलं, कारण खरंच कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर सहा-सात वेळा पोईला घेऊन गेलेय आणि एकदाच थोडी कुरबुर झाली, तीही माझ्या चुकीने. आता पुण्या-मुंबईहून इकडे राहायला आलेले बरेच जण विचारतात की दिवाळीला घरी जायचंय, कुत्र्याचं काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. विमानातली ही भांडणं बहुतेक वेळा कुत्र्यामुळे होतच नाहीत हो, कुत्रं अचानक पायाशी दिसतं म्हणून होतात. त्यामुळे नव्वद टक्के काम जमिनीवर असतानाच करायचं असतं.

आधी वजनकाटा, मग तिकीट

लोक उलटं करतात. स्वस्त तिकीट दिसलं की बुक करतात आणि मग विचारतात कुत्रं चालेल का. इंडिगोमध्ये पाळीव कुत्रं चालत नाही, केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही, फक्त अपंग व्यक्तीसोबतचा प्रशिक्षित सर्व्हिस डॉग चालतो. आणि गोव्याहून सगळ्यात जास्त फ्लाइट त्यांच्याच, म्हणजे तिथेच निम्मे पर्याय गेले. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा केबिनची मर्यादा ७ किलो होती, नंतर १० केली. एअर इंडियातही केबिनमध्ये नेता येतं, पण हे आकडे मधूनमधून बदलत असतात त्यामुळे तीन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेलं वाचून जाऊ नका, बुक करायच्या दिवशी एअरलाइनच्या साइटवर बघा आणि वर फोनही करा. विस्तारा एअरलाइनबद्दलचं काही वाचलंत तर सोडूनच द्या, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

आणि हे नीट ऐका, मर्यादेचं वजन म्हणजे कुत्रं अधिक बॅग अधिक आतलं पांघरूण. नुसतं कुत्र्याचं नाही. घरी काट्यावर स्वतः उभं राहायचं, मग कुत्र्याला बॅगेसकट घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. काउंटरवर मी एकदा तीनशे ग्रॅमने वर गेले होते, मग पाण्याचा वाडगा काढला, गोधडी काढली, ती गोधडी गळ्यात गुंडाळून मे महिन्यात विमानात बसले. म्हापशाच्या बाजारात मासळीवाली तरी थोडं इकडेतिकडे करून देते, काउंटरवर ते चालत नाही.

गोव्यातला गावठी कुत्रा, आपला इंडी, मोठा झाला की पंधरा-वीस किलोचा होतो. त्याला केबिन नाही. पिल्लू असताना घेऊन आलात आणि आता परत न्यायचंय तर हिशोब बदललाय हे लक्षात घ्या. त्याच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

एका फ्लाइटला केबिनमध्ये एक-दोनच प्राणी घेतात. म्हणून तिकीट काढल्या काढल्या फोन करून कुत्र्याची जागा पक्की करायची आणि ती लेखी, ईमेलवर मागायची. फोनवरचा माणूस "हो मॅडम हो जाएगा" म्हणतो त्याला काउंटरवर काडीची किंमत नसते. गणपती, दिवाळी आणि नाताळच्या आसपास तर महिनाभर आधी करा, चवथीला अर्धा गोवा हलतो.

आणि विमानतळ कुठला ते बघा बाबांनो. तिकिटावर दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हापासून लोक चुकीच्या विमानतळावर पोचण्याचे किस्से चालूच आहेत. एक वास्कोजवळ, दुसरं पेडण्यात, कुत्र्याची बॅग मांडीवर घेऊन ऐन वेळी एकाहून दुसऱ्यावर पळायची कल्पनाही करू नका.

कागद

यात फार गंमत नाही, पटकन सांगते. रेबीजची लस, दिल्याला महिना होऊन गेलेला आणि मुदत संपलेली नको. लसीच्या पुस्तकात बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का. आपल्याकडे मिशन रेबीजच्या टीम २०१४ पासून गावोगाव फिरून कुत्र्यांना लस देतात, फार चांगलं काम आहे, पण वाड्यावर येऊन कोणीतरी टोचून गेलंय एवढं काउंटरवर सांगून भागत नाही, नोंदणी असलेल्या डॉक्टरकडून पुस्तकात चढवून घ्या. मग प्रवासाच्या अगदी आधीचं फिट टू फ्लाय सर्टिफिकेट, ते किती दिवसांचं चालेल हे प्रत्येक एअरलाइनचं वेगळं. जनावरांचा डॉक्टर तुमचा नेहमीचाच बरा, नाहीतर पणजीला टोंकात सरकारी दवाखाना आहे. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. काउंटरवर एक हमीपत्रही सही करून घेतात, ते वाचून सही करा, त्यात प्राण्याला काही झालं तर जबाबदारी कोणाची ते लिहिलेलं असतं.

डॉक्टरकडे गेल्यावर झोपेचं औषध मागू नका. लोक हमखास मागतात, की डॉक्टर, जरा गुंगीचं द्या म्हणजे भुंकणार नाही. वर हवेत गुंगीतल्या कुत्र्याचं रक्तदाब आणि श्वासाचं गणित बिघडू शकतं आणि तुम्हाला कळणारही नाही कारण ते झोपलंय असंच वाटेल. पग, बुलडॉग, शित्झू असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर आधीच श्वास कमी पडतो, त्यांच्याबाबत डॉक्टर नको म्हणाला तर ऐका.

सराव: रायबंदर-चोडण फेरी

हे माझं स्वतःचं डोकं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. कुत्र्याला बॅगेची सवय घरी होते, दोन आठवडे बॅग उघडी ठेवायची, आत जेवण द्यायचं, मग पाच मिनिटं बॅगेची चेन लावायची, मग अर्धा तास. पण विमानाचा आवाज आणि खालून येणारी थरथर घरी कुठून आणणार? मी पोईला बॅगेत घालून फेरीबोटीत घेऊन जायचे. माणसांना फुकट, इंजिन धडधडतं, पत्रा हलतो, गाड्या चढतात उतरतात, माणसं अगदी जवळ उभी असतात, सगळं विमानासारखंच, फक्त काही झालं तर चोडणला उतरून झाडाखाली बसता येतं. पहिल्या दिवशी ती रडली. चौथ्या दिवशी झोपली. आणि बोनस म्हणजे फेरीत अनोळखी माणसं बॅगेकडे कशी बघतात, कोण घाबरतं, कोण हात घालायला येतं, हे तुम्हालाही कळतं. सराव कुत्र्याचा नसतो हो, तुमचा असतो.

बॅग मऊ बाजूंची, जाळीची, खालून गळणार नाही अशी. पुढच्या सीटखाली मावली पाहिजे, माप साइटवर असतं ते मोजपट्टीने मोजा. कुत्र्याला आत उभं राहून वळता आलं पाहिजे. आत शोषून घेणारं पॅड घाला आणि तुमचा एखादा वापरलेला टीशर्ट, न धुतलेला.

निघायच्या दिवशी

उड्डाणाच्या चार-पाच तास आधी शेवटचं जेवण, तेही अर्धं. पाणी थोडं थोडं द्यायचं, बंद नाही करायचं. आदल्या दिवशी अंघोळ, आणि हे शेजाऱ्यासाठी आहे, कुत्र्यासाठी नाही. पावसाळ्यात तर भिजलेल्या कुत्र्याचा वास किती वेळ टिकतो ते गोव्यात राहणाऱ्याला मी काय सांगू. त्या महिन्यांत मोपाच्या पठारावर ढग उतरले की विमान वर घिरट्या घालतं, कधी दुसरीकडे वळवतात, सव्वा तासाचे तीन तास होतात, तेव्हा जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा किंवा जास्तीची दोन पॅड ठेवा.

वेब चेक-इनवर विसंबू नका, काउंटरवर जावंच लागतं, म्हणून अडीच-तीन तास आधी पोचा. टर्मिनलमध्ये शिरायच्या आधी बाहेर गवत बघून फिरवून आणा आणि पिशवीने उचला, प्लीज. एका माणसाने न उचललेल्या गोष्टीचा राग दहा जणांच्या कुत्र्यांवर निघतो.

सिक्युरिटीला सीआयएसएफवाले कुत्र्याला बॅगेतून बाहेर काढायला सांगतात, रिकामी बॅग एक्स-रेमधून जाते आणि तुम्ही कुत्र्याला कडेवर घेऊन मेटल डिटेक्टरमधून जाता. बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवण्याआधी कुत्रं बाहेर काढलंय ना ते स्वतः दोनदा बघा. लोखंडी साखळी, घंटा, बक्कलवाला पट्टा आधीच काढा, कापडी हार्नेस घाला, आणि पट्टा मनगटाला गुंडाळून ठेवा कारण तिथे ट्रे आपटतात आणि दचकून सुटलेलं कुत्रं विमानतळावर पकडणं म्हणजे अख्ख्या गावाची करमणूक.

आता मुख्य गोष्ट, शेजारी

तुम्हाला बहुतेक शेवटच्या रांगेत खिडकीची सीट मिळते. म्हणजे तुमची जागा ठरलेली, हलता येत नाही, हलायचं तर दुसऱ्याला. हे त्या दुसऱ्याला अन्यायकारक वाटणारच, वाटू दे, वाटण्यासारखंच आहे. म्हणून बोर्डिंगला शक्य तेवढं लवकर आत जा, दारातच क्रूला सांगा की माझ्याकडे कुत्रं आहे, अमुक सीट आहे, शेजारी कोणाला अडचण असेल तर मला आधी सांगा. या एका वाक्यामुळे क्रू तुमच्या बाजूने होतो कारण त्यांनाही भांडण नकोच असतं, त्यांना वेळेवर दार लावायचं असतं.

मग शेजारी आला की तो बसायच्या आधी, तो बसायच्या आधी हं, उभं राहून सांगायचं. मी असं सांगते:

"नमस्कार, माझ्यासोबत छोटी कुत्री आहे, या बॅगेत, पूर्ण वेळ आतच राहणार आहे. तुम्हाला ॲलर्जी वगैरे नाही ना? असेल तर आत्ताच क्रूशी बोलूया."

एवढंच. "ती काही करत नाही हो" हे वाक्य मुळीच बोलायचं नाही. घाबरणाऱ्या माणसाला ते शंभर वेळा ऐकून झालेलं असतं आणि त्यातल्या एखाद्या वेळी चावाही घेतलेला असतो.

माणसं साधारण चार तऱ्हेची भेटतात. ॲलर्जीवाला किंवा दमेवाला, त्याच्याशी वादच घालायचा नाही. माझ्या बहिणीच्या मुलाला दमा आहे, पोई असलेल्या खोलीत तो रात्रभर झोपू शकत नाही, मी ते बघितलंय. "आमच्या जातीचे केस गळत नाहीत" हे त्याला सांगून उपयोग नाही, ॲलर्जी केसांची नसतेच मुळात, कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जे प्रोटीन असतं त्याची असते, ते तुमच्या कपड्यांवरही असतं. विमानाचे फिल्टर हवा चांगली गाळतात, पण सीटच्या कापडावर आणि तुमच्या जीन्सवर जे चिकटलंय ते गाळत नाहीत. कॅनडात यावर तक्रारी झाल्या आणि तिथल्या परिवहन नियामकाने आधी कळवलेल्या ॲलर्जीवाल्या प्रवाशापासून प्राणी किमान पाच रांगा लांब ठेवायला सांगितलं. आपल्याकडे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवरच्या सरकारी नियामकाचं, १९८५ चं जुनं परिपत्रक आहे, बाकी एअरलाइनची पॉलिसी आणि शेवटी कॅप्टनचा शब्द. म्हणजे कॅप्टन म्हणाला कुत्रं या फ्लाइटने जाणार नाही, तर नाही जाणार, तुमच्याकडे दहा ईमेल असले तरी. म्हणून ॲलर्जीवाला भेटला की तुम्हीच पुढाकार घेऊन क्रूला बोलवा आणि त्याला सीट मिळवून द्या.

दुसरा घाबरणारा. त्याला बॅगेची चेन दाखवा, बंद आहे म्हणून, आणि बॅग तुमच्या पायांच्या आतल्या बाजूला वळवून जाळी खिडकीकडे करा. डोळे दिसले नाहीत की अर्धी भीती जाते. माझ्या त्या काकू याच गटातल्या होत्या आणि मी त्यांच्याशी नियम घेऊन भांडत बसले. घाबरलेल्या माणसाला नियम सांगून काय होणार?

तिसरा तत्त्वाचा. "कुत्र्यांसाठी विमान आहे का?", "उद्या म्हैस आणाल", किंवा आज उपास आहे, मंगेशीचा प्रसाद आहे हातात, सोवळ्यात चालत नाही. याच्याशी चर्चा करायची नाही, हसून "तुम्हाला दुसरी सीट मिळते का बघते" म्हणायचं आणि क्रूकडे सोपवायचं. प्रसादवाल्या आजींची पिशवी मी एकदा वरच्या कप्प्यात ठेवून दिली, त्यांना तेवढंच हवं होतं. म्हैसवाल्याला काय हवं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि चौथा, सगळ्यात धोकादायक, कुत्रंप्रेमी. "अय्या कित्ती गोड, काढा ना बाहेर, मी धरते, आमच्याकडे दोन लॅब आहेत." माझी ती एकमेव कुरबुर यातूनच झाली. एका मुलीने आग्रह केला, मी चेन चार बोटं उघडली, पोईने डोकं बाहेर काढलं, आणि पलीकडच्या रांगेतले गृहस्थ जे इतका वेळ शांत होते ते उठून उभे राहिले आणि बरोबरच होतं त्यांचं, मी आत राहील म्हणून सांगितलं होतं. डोकं बाहेर येईल एवढी चेन उघडायची नाही. थोपटायचं असेल तर एक बोट आत जाईल एवढीच फट, तेवढंच. विमान खाली उतरायला लागलं की कान दडतात, तेव्हा पनीरचा छोटा तुकडा आत सरकवा, चघळताना आणि गिळताना बरं वाटतं तिला.

कोणी शूटिंग करायला लागलं तर करू द्या. आवाज चढवू नका, कारण एकदा आवाज चढला की विषय कुत्र्याचा राहत नाही. डीजीसीएच्या नियमांत गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या आहेत, शिवीगाळ-धमकीच्या तोंडी प्रकाराला तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, धक्काबुक्कीला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतेल असं वागल्यास किमान दोन वर्षं. त्यात कुत्रं कोणाचं होतं हे कोणी विचारत नाही.

एकाच गोष्टीवर मात्र अडून बसायचं. बॅग वरच्या कप्प्यात ठेवा असं कोणीही सांगितलं, शेजाऱ्याने, क्रूने, कोणीही, तर नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या युनायटेडच्या विमानात कुत्र्याची बॅग अशीच वर ठेवायला लावली आणि ते फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू उतरेपर्यंत मेलेलं होतं. बंद कप्प्यात कुत्र्याला पुरेशी हवा मिळत नाही. तेव्हा शांत आवाजात, बसल्या जागी, "यात जिवंत प्राणी आहे, हा खालीच राहणार, हवं तर तुमच्या सिनियरला बोलवा, नाहीतर मी उतरते." उतरायची वेळ आली तर खरंच उतरा.

इमोशनल सपोर्टचं सर्टिफिकेट घेऊ का?

नको. मानसिक आधारासाठी कुत्रं सोबत लागतं असा कागद ऑनलाइन कोणीतरी पैसे घेऊन पाठवतं. ज्या अमेरिकेतून हे फॅड आलं तिथेच लोक मोर घेऊन नेवार्कच्या विमानतळावर पोचले होते, २०१८ ची गोष्ट, त्याला चढू दिलं नाही. शेवटी तिथल्या परिवहन खात्याने नियम बदलला आणि ११ जानेवारी २०२१ पासून एअरलाइनने इमोशनल सपोर्ट प्राण्याला सर्व्हिस ॲनिमल मानायची सक्ती उरली नाही, प्रशिक्षित कुत्रा तेवढा सर्व्हिस ॲनिमल. असल्या खोट्या कागदांनी खरं नुकसान होतं ते अंध माणसासोबतच्या खऱ्या कुत्र्याचं, तो बॅगेशिवाय मालकाच्या पायाशी बसतो, आणि लोक त्याच्याकडेही संशयाने बघायला लागतात.

तुमच्याकडे कुत्रं नाही, पण शेजारी निघालं तर

हेही लिहिते कारण त्या काकूंना मी देणं लागते. ॲलर्जी असेल तर बुकिंगनंतर एअरलाइनला कळवून ठेवा, इनहेलर आणि गोळी हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इनच्या सामानात नाही. शेवटच्या दोन-तीन रांगा टाळा, प्राणी बहुतेक तिथेच बसवतात. शेजारी कुत्रं दिसलं तर मालकाशी बोलण्याआधी क्रूशी बोला आणि दार बंद व्हायच्या आधी बोला, नंतर पर्याय फार कमी उरतात. आणि काहीच झालं नाही तर तक्रार लेखी करा, सीट नंबर, फ्लाइट नंबर, वेळ. एअरलाइनने दाद दिली नाही तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

लेखी तक्रारीने काय होतं म्हणाल तर २०२३ मध्ये पॅरिसहून सिंगापूरला जाणाऱ्या न्यूझीलंडच्या एका जोडप्याच्या शेजारी कुत्रं होतं, सिंगापूर एअरलाइन्सचं प्रीमियम इकॉनॉमी, तेरा तासांचा प्रवास, आणि ते कुत्रं सतत घोरत आणि वारा सोडत होतं. विनोद नाही, बातमी होती. ते अर्ध्या वाटेत उठून मागे साध्या इकॉनॉमीत जाऊन बसले, मग तक्रार केली, आधी किरकोळ व्हाउचर देऊ केली, ते चिकटून राहिले आणि शेवटी सुमारे १,४०० डॉलर परत मिळाले. चिकाटी महत्त्वाची. आणि कुत्रेवाल्यांनो, आदल्या दिवशी सुक्या मासळीचं डोकं घालू नका त्याला.

मोठं कुत्रं असेल तर

सामानाच्या भागात, म्हणजे खाली पोटात, नेता येतं काही एअरलाइनमध्ये. तिथे हवेचा दाब आणि तापमान सांभाळतात, खरा धोका असतो तो जमिनीवर, विमानाबाहेरच्या उन्हात पिंजरा थांबलेला असतो तेव्हा. एप्रिल-मे मध्ये दुपारची फ्लाइट मी तरी कधी घेणार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये कोणीतरी मुंबई-चेन्नई एअर इंडियाचा अख्खा बिझनेस क्लास आपल्या एका कुत्र्यासाठी बुक केला होता, तेही छोटंसंच कुत्रं, तेवढे पैसे असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

बाकीच्यांसाठी कोकणकन्या आहे. फर्स्ट एसीत दोन बर्थचा कुपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी तुमच्या नावावर असेल तर कुत्रं सोबत नेता येतं, त्यासाठी मडगावला पार्सल ऑफिसात आधी जाऊन विचारा आणि कुत्र्याचं वेगळं बुकिंग करा. रात्रभराचा प्रवास, दार बंद, शेजारी कोणी नाही. वीस किलोच्या इंडीला याहून चांगलं काही नाही. नाहीतर गाडीने, पण मुंबई-गोवा हायवेबद्दल मी इथे बोलणार नाही, माझं तोंड सुटतं.

परत येताना

उतरताना घाई करू नका, सगळ्यांना जाऊ द्या, अरुंद वाटेत कुत्र्याची बॅग लोकांच्या गुडघ्यांना लागते आणि सव्वा तास टिकलेली शांतता शेवटच्या मिनिटाला मोडते. बाहेर आलात की आधी पाणी, मग गवत, मग फोन.

आणि मोपाला टॅक्सी बुक करताना कुत्रं आहे हे आधीच सांगा, तिथेही तेच, अचानक दिसलं की बिघडतं. मागच्या वेळी मी सांगितलं तर ड्रायव्हर थोडा वेळ बॅगेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाय, सुणें घाण करचें ना मगो?" म्हणजे, कुत्रं घाण तर करणार नाही ना? मी माझी चादर काढून मागच्या सीटवर अंथरली. त्याने डिकी उघडली, आतून एक जुनी गोणपाटाची पिशवी काढली आणि माझ्या चादरीवर ती पण अंथरली.